जिवलीच्या नावाची जागा

गेलं वर्षभर माझ्या मोबाइलवर जिवलीच्या नावाने मेसेज येत होते. 'प्रिय जिवली, तुमचं क्रेडिट तुमची वाट पाहत आहे.' 'जिवली, या सुट्टीत कुठे निघालात?' एक जानेवारीला तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. आमच्याकडे अर्ध्या पाड्याचा वाढदिवस आधार कार्डावर एक जानेवारीलाच असतो, हे त्या विमान कंपनीला कुठून माहीत असणार? मला त्या कंपनीने कधी 'प्रिय' म्हटलं नाही. नंबर माझा, फोन माझा, आणि लाड जिवलीचे.

जिवली सरावलीच्या पाड्यावर राहते. माझी निलम तीन महिन्यांची असताना ती आमच्या घरी आली. मी तेव्हा तलासरीच्या शाळेत नुकती लागले होते आणि सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतत होते. दिवसभर निलम जिवलीकडे असे. तिचा नवरा काळ्या आमच्या मागच्या चिकूच्या वाडीत कामाला होता. जिवली लुगड्याची झोळी करून निलमला चिकूच्या फांदीला टांगायची, झोका द्यायची आणि गायची. अंगाईगीतं तिला येत नव्हती. तिला लग्नाची गाणी येत होती, कारण ती धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी बाई गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. माझी मुलगी दुसऱ्यांच्या लग्नाची गाणी ऐकत झोपायला शिकली.

तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता. 'जिवी' होता. तो मी ऐकलासुद्धा नाही. एसटीतून उतरून घरी आले तेव्हा शेजारच्या दक्षाबेननी कौतुकाने सांगितला. मी हसले. पर्स खुंटीला अडकवली आणि निलमला उचलून घेतलं, तर तिने माझ्या खांद्यावरून मागे वळून जिवलीकडे हात केले.

या बाईबद्दल लिहायचं तर तिचे गुण लिहायला हवेत, आणि ते मला रुचत नाहीत, पण आहेत. ती कधी घाई करत नाही. निलमला गोवर निघाला तेव्हा मी दर तासाला ताप मोजत होते, देवापुढे बसत होते, डॉक्टरांना फोन करत होते. जिवली नुसती पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. ताप उतरल्यावर निलमने डोळे उघडून पाहिलं ते पायांकडे. निलमचं लग्न डहाणूच्या हॉलमध्ये झालं. जिवली मागच्या खुर्च्यांवर, पंख्यापासून लांब बसली होती. बोहल्यावर चढण्याआधी निलम शालू सावरत सगळ्या पाहुण्यांमधून वाट काढत गेली आणि आधी तिच्या पाया पडली. मग माझ्या. व्हिडिओत ते सगळं आहे. आमच्या घरी तो व्हिडिओ लावला की मी नेमकी त्या वेळी चहा करायला उठते.

लग्नानंतर निलम गुवाहाटीला गेली. जावई तिथे तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास तिचा फोन आला की तिने जिवीचं विमानाचं तिकीट काढलंय, चैत्रात. कंपनीने सेल लावला होता म्हणे. जिवीला विमानात बसवायचं, ब्रह्मपुत्रा दाखवायची. मी विचारलं, आणि माझं? ती म्हणाली, आई, तू काय, तू कधीही येऊ शकतेस. जिवलीचा फोन साधा बटणांचा, तोही अर्धा वेळ बंद, म्हणून तिकिटावर नंबर माझा दिला होता. जिवलीला निरोप सांगण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी सांगितलं. जिवली लाजली, तोंडावर पदर घेऊन हसली. काळ्याने विचारलं, विमानात ताडी देतात का. नाही म्हटल्यावर त्याचा विमानातला रस संपला.

पण जिवली गेली नाही. निघायच्या आठवड्यात ती दुपारची आमच्या ओट्यावर येऊन बसली. सायवनच्या तुळशीच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडे कोणी वारलं, सुतक आलं, लग्न पुढे ढकललं गेलं आणि ते नेमकं विमानाच्या दिवशी आलं. मी म्हटलं, दुसरी धवलेरी बघू देत त्यांना. तेव्हा तिने मला तांदळाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मला माहीत नव्हती.

बाकीच्या धवलेऱ्यांचं मला ठाऊक नाही, पण जिवलीची रीत अशी. ज्या घरचं लग्न, त्या घरच्या आईने स्वतःच्या हाताने तिच्या पदरात मूठभर तांदूळ घालायचे. बाप बोलवायला आला तर ती त्याला पाणी देते आणि परत पाठवते. आईचे तांदूळ पदरात पडले की ती घरी नेऊन टोपलीत ठेवते. ते शिजवायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत, आणि लग्न लागेपर्यंत दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. लग्न पुढे गेलं तर तांदूळही थांबतात. तुळशीचे तांदूळ तिच्या टोपलीत होते, म्हणून तिला जाता येत नव्हतं.

मी निलमला कळवलं. खरं सांगायचं तर आवाजात दुःख आणायला मला जरा प्रयत्न करावा लागला. निलमने फोनवरूनच तिकीट रद्द केलं. पैसे परत मागितले असते तर बरेच कापले गेले असते, त्याऐवजी क्रेडिट घेतलं तर थोडेच कापणार होते, म्हणून तिने क्रेडिट घेतलं. एक वर्षाची मुदत. तेव्हापासून ते 'प्रिय जिवली' माझ्या फोनवर सुरू झालं.

या वर्षी निलमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मागची खोली रंगवून घेतली, बाजेला नवी नायलॉनची पट्टी भरली, डिंक आणून ठेवला. आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, बाळाची वार खाली आहे, प्रवास करायचा नाही, अंथरुणावर पडून राहायचं. निलमच्या सासूबाई गेलेल्या, जावयांची शिफ्ट. कोणीतरी जाणं भाग होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी, यात मला शंका नव्हती. दहावीचे पेपर तपासायचे होते, तरी मुख्याध्यापकांशी बोलून रजेची सोय केली. बॅग काढून झटकली. मग निलमला फोन केला.

तिने आधी माझ्या पेपरांचं विचारलं. मग म्हणाली, "आई, तू मेमध्ये ये. बाळ झाल्यावर. आत्ता जिवीला पाठव."

मी विचारलं, का.

"तू आलीस की दर तासाला विचारशील, दुखतंय का, हालचाल आहे का. मी आधीच घाबरलेय गं. तुझी काळजी मला आत्ता पेलायची नाही. जिवी नुसती पायाशी बसली तरी मला झोप लागते. दहा दिवस मी झोपलेली नाही."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर ती झटकलेली बॅग तशीच पलंगावर पडून होती. तिच्यात मी इस्त्रीचे कपडे ठेवले, जणू कपाटच आहे ते.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या दीपकच्या दुकानात गेले. झेरॉक्स, आधार, रेल्वे, विमान, सगळं तो करतो. माझा जुना विद्यार्थी, अजून टीचर म्हणतो. मी त्याला सांगितलं की घरातलं एक क्रेडिट पडून आहे, मार्चअखेर संपतंय, वाया जायला नको, त्यावर माझं तिकीट काढ. माझ्या मनात हिशेब सरळ होता. मुदत आहे, पैसे आहेत, आई आहे. तिथे दारात जाऊन उभी राहिले की निलम मला परत थोडीच पाठवणार होती?

दीपकने माझ्या फोनवरचा क्रेडिटचा मेसेज वाचला आणि मान हलवली. क्रेडिट ज्या प्रवाशाचं तिकीट रद्द झालं त्याच्याच नावाने वापरता येतं. म्हणजे जिवलीच्याच. मी म्हटलं, निलमने पैसे भरलेत, मी तिची आई. तो म्हणाला की कंपनीला आई चालत नाही. मग रोख परत दे म्हणावं. तेही नाही, एकदा क्रेडिट घेतलं की पैसे खात्यात येत नाहीत. अर्धं तिचं, अर्धं माझं? नाही. कंपनीच्या ॲपवरच वापरायचं, दुसऱ्या एजंटकडून नाही.

"टीचर, हे पैसे आहेत पण पैसे नाहीत," तो म्हणाला. "देवाच्या पेटीत टाकल्यासारखे. दिसतात, काढता येत नाहीत."

मुदतीचंही त्याने नीट समजावलं. एकतीस मार्चपर्यंत बुकिंग व्हायला हवं, प्रवास नंतर केला तरी या कंपनीला चालतो. तिकिटाचे पैसे जाऊन काही शिल्लक राहिली तर ती त्याच तारखेला बुडणार. आणि या क्रेडिटवर काढलेलं तिकीट पुन्हा रद्द केलं तर पैसे परत त्याच जुन्या मुदतीत जाऊन पडतात, आणि मुदत संपलेली असली की गेले. म्हणजे जिवली या वेळी थांबली तर सगळंच संपलं. शेवटी त्याने सहज सांगितलं की वापरायचं असेल तर ओटीपी लागेल, आणि तो तिकिटावरच्या नंबरला येईल.

"तो नंबर तुमचाच आहे ना, टीचर?"

माझाच होता. दुकानातून बाहेर पडताना मला एकदम हलकं वाटलं. कोणाला काही म्हणायला नको, कोणाशी भांडायला नको. फक्त एकतीस तारीख जाऊ द्यायची.

तरी मी सरावलीला गेले. जिवलीने नाही म्हणावं आणि तेच निलमला कळवावं, असं मला हवं होतं. लग्नसराई तोंडावर आली होती, तिच्या टोपलीत कुठल्या ना कुठल्या घरचे तांदूळ असणारच. जिवली अंगणात वाल निवडत बसली होती. मी निलमची तब्येत सांगितली, क्रेडिटचं सांगितलं, आणि हेही की महिना संपला की ते बुडतं, मग तुझ्यामागे काही नाही.

जिवलीने सूप बाजूला ठेवलं. "बाई, म्हंजे अजून ती जागा रिकामीच उडते?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की वर्षभर तिला असंच वाटत होतं. तिने घेतलेली जागा, खिडकीजवळची, दुसऱ्या कोणाला न देता कंपनी रोज विमानात घेऊन जाते आणि रोज परत आणते. डहाणूवरून विमान गेलं की ती वर बघायची. तिला त्या जागेची लाज वाटत होती. मी समजावलं की जागा कधीच दुसऱ्याला गेली, हे फक्त नोंदलेले पैसे आहेत. तिने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

मी टोपलीचं विचारलं. उत्तर काळ्याने दिलं, बाजेवर पडल्यापडल्या. "रिकामी हाय. वाणगावचे आले, सायवनचे आले. हिने कुनाचं घेतलं नाय. म्हंते, माझी जागा हाय वर."

जिवली त्याला गप्प बस म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "निलू झोपते का गं, बाई?"

मी म्हटलं, झोपते. परतताना रिक्षात मला त्या एका शब्दाची इतकी चीड आली, की ती माझ्यावर आहे की तिच्यावर हे ठरवता येईना. दोन घरांची लग्नं तिने नाकारली होती. माझ्या मुलीसाठी. तिला कोणी सांगितलं होतं नाकारायला? मी रजेचा अर्ज केला, तर तिने त्याला वरचढ म्हणून दोन लग्नं सोडली.

तीस तारखेला दुपारी निलमने दीपकला परस्पर फोन करून सांगितलं की आजच तिकीट काढ, आणि काळ्याला निरोप देऊन जिवलीला दुकानात बोलावलं. मलाही बोलावलं, कारण फोन माझ्याकडे. मी पोचले तेव्हा जिवली बाकावर बसली होती, धुतलेलं लुगडं, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. दीपकने कंपनीचं ॲप उघडून तारीख निवडली, क्रेडिट लावलं, ओटीपी मागितला. माझ्या हातातला फोन थरथरला.

"आला का, टीचर?"

नाही म्हटलं. रेंज नाही इथे.

त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा फोन थरथरला. मी पर्सची चेन लावली. दीपकने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच स्क्रीनकडे बघू लागला. चांगल्या घरचा मुलगा आहे.

जिवली उठून माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ही विनवणी करणार. ती हळूच म्हणाली, "बाई, तुमी तांदूळ नाय आनलेत."

मी विचारलं, मी कसले तांदूळ आणायचे?

"गेल्या वर्षी पन नाय दिलेत. पोरीने तिकीट दिलां, पन आईने तांदूळ नाय दिले, मना जाता नाय आलां. तुळशीचे पडले पदरात, तिकडे गेलू." तिने पदराचं टोक हातात धरलं होतं. "या वर्षी टोपली रिकामी ठेवली. म्हनलां, देतील. आईने धाडलां तर जाईन, नायतर नाय. तुमी नाय म्हनालात तर मी निलूला सांगेन, मीच नाय म्हनले."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

दीपकला थांब म्हटलं आणि घरी निघाले. घर जवळच आहे, पण त्या दिवशी रस्ता लांबला. मनात येत होतं की जिवलीने नाही म्हटलं असं तिनेच सांगितलं, तर माझ्यावर काही येत नाही. बॅग भरलेली आहे. निलम रडेल, मग मला बोलावेल. मी जाईन, दर तासाला विचारणार नाही असं ठरवीन आणि दर तासाला विचारीन. आणि ती डोळे मिटून पडून राहील, न झोपता.

स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडला. मूठ भरली, आणि मग वाटलं, मूठ लहान आहे माझी, तर दुसऱ्या हाताने आणखी घातले. रुमालात बांधून नेले. दुकानात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी, जिवलीने पदर पसरला आणि मी ते त्यात घातले. तिने गाठ मारली. दोन जण आधारच्या रांगेत उभे होते, ते बघत होते.

मग मी फोन काढला. दीपकने तिसऱ्यांदा पाठवला. मी आकडे वाचले. एक चुकला, तेव्हा पुन्हा वाचले.

तिकीट जाण्याचंच आलं. येण्याइतके पैसे क्रेडिटमध्ये नव्हते. दीपकने तिच्यासोबत विमानतळावर माणूस देण्याची सोय मागितली. त्या आठवड्यात मी आणि काळ्या तिला मुंबईला सोडायला गेलो. दारावरच्या शिपायाने तिचं आधार पाहिलं, तिकीट पाहिलं, आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. जिवली आत गेली. पदराची गाठ तिने मुठीत धरली होती. काचेतून तिने मागे वळून पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही. काळ्याला दिसलं म्हणे.

संध्याकाळी निलमच्या फोनवरून जिवलीच बोलली. पहिलीच गोष्ट तिने सांगितली, तिच्या जागेवर खिडकीशी एक माणूस बसला होता. "त्याला म्हनलां, ऊठ बाबा. वर्षभर बसलास, आता मना बसू दे." कंपनीने सोबत दिलेल्या मुलीने तिकीट दाखवून त्याला उठवलं. जिवलीला त्याचं वाईट वाटलं, म्हणून घरच्या दोन भाकऱ्यांतली एक त्याला दिली.

मी निलमला फोन दे म्हटलं.

"झोपली," जिवली म्हणाली.

आत्ता आमच्या गल्लीत सगळे झोपलेत. मी माझं मेचं तिकीट काढलंय, माझ्या पैशाने, आणि जिवलीचं परतीचं माझ्याबरोबर. बुकिंग करताना कंपनीने विचारलं, रद्द केल्यास पैसे परत मिळणारा दर हवा का? थोडा जास्त होता. मी नको म्हटलं. ही तारीख मी कोणाच्या सुतकासाठी किंवा कुठल्या पेपरांसाठी हलवणार नाही.

मघाशी पुन्हा मेसेज आला. 'प्रिय जिवली, तुमचा प्रवास कसा झाला? पाचपैकी किती तारे द्याल?' ती इथे असती तर तिने पाच दिले असते, आणि वर आणखी मागितले असते.

मी चार दिले.